सध्या काय वाचताय?

तर मंडळी, आजच्या विषयाची सुरुवात आमच्या ऑफिसातल्या एका कपाटापासून होते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या मजल्यावर पॅन्ट्रीच्या शेजारी एक रिकामं कपाट पडून होतं. आमच्यातल्या चार-पाच वाचणाऱ्या टाळक्यांनी ठरवलं की प्रत्येकाने घरची दहा-दहा पुस्तकं आणून तिथे ठेवायची. कुणीही घ्या, वाचा, परत ठेवा. मी (अर्थातच!) एक एक्सेल शीट बनवली. पुस्तकाचं नाव, मालक, कोणी नेलं, कधी नेलं. शिवाय दर शुक्रवारी चहाच्या वेळी उभ्याउभ्या 'सध्या काय वाचताय?' असा एक राऊंड. पहिले दोन महिने काय उत्साह होता म्हणून सांगू! सहाव्या महिन्यात शीटमध्ये ४७ पुस्तकं होती आणि कपाटात १९. माझं एक पुस्तक चहाच्या डागासकट परत आलं, एका मैत्रिणीचं आलंच नाही. ती बिचारी काही बोलली नाही, पण नंतर तिने नवीन पुस्तकही ठेवलं नाही. वर्षाच्या आत ज्याने त्याने आपापली उरलेली पुस्तकं घरी नेली. आता त्या कपाटात टिश्यू पेपरचे गठ्ठे असतात.

मला बरेच दिवस वाटत होतं की हा आपल्या लोकांच्या, त्यातून आम्हा आयटीवाल्यांच्या बेशिस्तीचा नमुना. मग मागच्या पावसाळ्यात बेंजामिन फ्रँकलिनचं आत्मचरित्र हातात आलं, आणि कळलं की नेमकं हेच जवळपास ३०० वर्षांपूर्वी फिलाडेल्फियात झालं होतं. अगदी वर्षभरात पुस्तकं घरी नेण्यापर्यंत सगळं सेम! फरक एवढाच की त्यांची गोष्ट तिथे संपली नाही.

फ्रँकलिन म्हणजे १०० डॉलरच्या नोटेवरचा तो टकला, केस मागे सोडलेला माणूस. जन्म १७०६ चा, बोस्टनचा. बाप मेणबत्त्या आणि साबण बनवणारा. शाळा जेमतेम दोन वर्षं. बाराव्या वर्षी मोठ्या भावाच्या छापखान्यात उमेदवारीला लागला. पुस्तकं विकत घ्यायला पैसे कुठले? मग पुस्तकांच्या दुकानात काम करणाऱ्या पोरांशी त्याने ओळखी काढल्या. संध्याकाळी दुकानातून पुस्तक उचलायचं, रात्रभर जागून वाचायचं आणि सकाळी मालकाच्या लक्षात यायच्या आत, डाग न पाडता, परत ठेवायचं. (आमच्या कपाटाला असा एक मेंबर मिळायला हवा होता.)

त्याच्या तरुणपणातला एक प्रसंग मला फार आवडला. १७२४ साली, अठराव्या वर्षी, तो बोस्टनहून न्यूयॉर्कमार्गे फिलाडेल्फियाला परतत होता. जहाजाच्या कप्तानाने न्यूयॉर्कच्या गव्हर्नरला, म्हणजे विल्यम बर्नेटला सहज सांगितलं की एका तरुण उतारूकडे पुष्कळ पुस्तकं आहेत. गव्हर्नरने त्याला भेटायला बोलावलं, आपला ग्रंथसंग्रह दाखवला आणि दोघं पुस्तकांवर, लेखकांवर बराच वेळ बोलत बसले. कुठे गव्हर्नर आणि कुठे छापखान्यातलं पोरगं! म्हातारपणी आत्मचरित्र लिहितानाही फ्रँकलिन ही भेट विसरला नव्हता. हा प्रसंग जरा लक्षात ठेवा, आपण पुन्हा तिथे येणार आहोत.

१७२७ च्या शरद ऋतूत फ्रँकलिनने फिलाडेल्फियात आपल्या ओळखीतल्या माणसांचं एक मंडळ काढलं. नाव 'जंटो'. दर शुक्रवारी संध्याकाळी भेटायचं. (शुक्रवारच, बरं का! आम्ही काही कॉपी केली नव्हती.) सुरुवातीला एका दारूच्या गुत्त्यात जमायचे, नंतर एका मेंबरच्या घरची खोली मिळाली. मेंबर कोण? दस्तऐवजांच्या नकला करणारा एक कारकून, एक जमीन मोजणारा, चांभारकाम शिकून पुढे मोजणीकडे वळलेला एक जण, एक सुतार, छापखान्यातले दोघं-तिघं, एका व्यापाऱ्याकडचा तरुण कारकून. कॉलेजात शिकवणारा एकही नाही. अंगठेबहाद्दर नव्हेत, पण बहुतेक जण आपलं आपण शिकलेले.

थॉमस गॉडफ्रे नावाचा एक स्वयंशिक्षित गणितीही होता. पण तो लवकरच गळाला. फ्रँकलिनच्या मते कारण असं, की गॉडफ्रेला प्रत्येक वाक्यात गणिती काटेकोरपणा हवा असे, आणि बारीकसारीक गोष्टीवरून तो गप्पांचा विचका करी. हे वाचून मला आमच्या टीममधली किमान तीन माणसं आठवली. (एक मी.) यावर उपाय म्हणून मंडळाने नियमच केला होता. ठासून विधान करायचं नाही, समोरच्याला थेट खोडून काढायचं नाही. केलंत तर दंड. कोड रिव्ह्यूला हा नियम लावला तर आमची कंपनी दंडावरच चालेल.

जंटोच्या बैठकीसाठी २४ प्रश्नांची एक यादी ठरलेली होती. दोन प्रश्नांच्या मध्ये एक पेला वाइन भरून पिता येईल इतका अवकाश सोडायचा, अशीही तरतूद होती. प्रश्न भन्नाट आहेत. गावात एवढ्यात कोणाचा धंदा बुडाला, का बुडाला? कोणाची भरभराट होतेय, कशामुळे? गावात कोणी गुणी परका माणूस आलाय का, त्याला आपण काय मदत करू शकतो? कुठल्या कायद्यात खोट दिसली का? पण यादीतला पहिला प्रश्न पुस्तकाचा आहे. तुम्ही शेवटचा जो लेखक वाचलात, त्याच्यात मंडळाला सांगण्याजोगं काही सापडलं का, असा त्याचा आशय. इतिहास, नीती, काव्य, वैद्यक, प्रवास, यंत्रविद्या, कशातलंही चालेल.

हा प्रश्न नीट बघा. तो 'काय वाचताय' यापुढे एक पाऊल जातो. नुसतं नाव सांगून सुटका नाही. आमच्या शुक्रवारच्या राऊंडमध्ये काय व्हायचं, तर प्रत्येक जण नाव सांगायचा. 'सेपियन्स', 'कोसला', 'ॲटमिक हॅबिट्स'. बाकीचे "अरे वा!" म्हणायचे आणि चहा संपायचा. कोण किती जाडं पुस्तक वाचतंय याची एक मूक स्पर्धा. (न वाचलेल्या पुस्तकाचं नाव मी स्वतः एकदा ठोकून दिलंय. पकडला गेलो नाही, कारण कुणी पुढे काही विचारलंच नाही.) जंटोमध्ये तसं चालत नव्हतं. वाचलेल्यातलं चार जणांना उपयोगी पडेल असं काय, ते निवडून मांडायचं. म्हणजे आधी वाचताना ते शोधायचं. शुक्रवारी सांगायचंय म्हटल्यावर माणूस सोमवारपासून वेगळ्या तऱ्हेने वाचतो.

तर अशा बोलण्यांत पुस्तकांचे दाखले वारंवार लागत. फ्रँकलिनने सुचवलं, सगळ्यांनी आपापली पुस्तकं बैठकीच्या खोलीत एकत्र ठेवू या. ठेवली. अपेक्षेइतकी जमली नाहीत. शिवाय काळजी घ्यायला कोणी नाही म्हणून हेळसांड झाली. साधारण वर्षभरात ज्याची त्याने घरी नेली. झालं, आमचं कपाट!

पण या माणसाने काय केलं, तर पहिली आवृत्ती का पडली ते पाहून दुसरी लिहिली. आमच्या भाषेत पोस्टमॉर्टेम. आपली पुस्तकं एकत्र ठेवली की ती सगळ्यांची होतात आणि कोणाचीच राहत नाहीत. त्याऐवजी पैसे एकत्र करू आणि पुस्तकं संस्थेची घेऊ. १७३१ च्या जुलैत करारनामा झाला. ५० वर्गणीदार, प्रत्येकी सुरुवातीला ४० शिलिंग आणि मग वर्षाला १० शिलिंग. हीच ती 'लायब्ररी कंपनी ऑफ फिलाडेल्फिया'. आठवड्यातून एक दिवस पुस्तकं द्यायची. वेळेवर परत केलं नाही तर दुप्पट किंमत भरीन, असं नेणाऱ्याने लिहून द्यायचं. (माझ्या शीटमध्ये हा रकाना नव्हता.) सहीसाठी दारोदार फिरताना त्याच्या लक्षात आलं की ही आपली कल्पना आहे असं सांगितलं की लोक बिचकतात. मग तो म्हणू लागला, काही मित्रांनी मिळून ही योजना काढलीय, मी आपला फिरतोय. कामं भराभर होऊ लागली. ४५ पौंडांची पहिली ऑर्डर लंडनला गेली आणि १७३२ च्या ऑक्टोबरात पुस्तकं येऊन पोचली. पुस्तकं पाठवायला मदत करणारा लंडनचा पीटर कॉलिन्सन, त्यानेच पुढे १७४० च्या दशकात या लायब्ररीला विजेचे प्रयोग करायची एक काचेची नळी पाठवली. तिच्यावर खटपट करता करता फ्रँकलिन विजेच्या मागे लागला. त्याचं पुढचं सगळं आपल्याला शाळेत पतंगासकट शिकवलंय.

वर्गणीदार लायब्ररीची ही रीत आपल्यालाही चांगली ओळखीची आहे. १८४८ साली पुण्यात लोकहितवादींच्या पुढाकाराने निघालेली नेटिव्ह जनरल लायब्ररी (म्हणजे आजचं पुणे नगर वाचन मंदिर), १८९३ चं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ चं मुंबईचं. आपल्यापैकी कितीतरी जण असल्याच लायब्रऱ्यांच्या बाकांवर वाढले. मीही.

इथवर सगळं छान आहे. पण फ्रँकलिन वाचताना एक गोष्ट टोचत राहते. जंटोचा तो सुंदर पहिला प्रश्न त्या खोलीतल्या मूठभर गोऱ्या पुरुषांनी एकमेकांना विचारलेला होता. त्याच शहरात फ्रँकलिनच्या छापखान्यातून निघणाऱ्या 'पेनसिल्व्हेनिया गॅझेट'मध्ये गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापून येत. त्याच्या स्वतःच्या घरात गुलाम होते. १७८७ साली तो गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला हे खरं, पण तेव्हा तो ८१ वर्षांचा होता. ज्या पोराला एका गव्हर्नरने पुस्तकांवरून बोलावून घेतलं, त्याच्या घरात पाणी भरणाऱ्या माणसाला कोणी विचारलं असेल का, की बाबा, तू काय वाचतोस?

म्हणजे प्रश्न चांगला असून भागत नाही. तो आपण कोणाला विचारतो हे बघावं लागतं. आणि हे पटवून द्यायला मला अमेरिकेत थांबायची गरज नाही, मुंबईतच एक गोष्ट घडलेली आहे.

१९०४ च्या सुमारास सुभेदार रामजी आंबेडकर कुटुंबासह मुंबईत राहायला आले. परळच्या डबक चाळीत, एका खोलीत. मुलगा भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये. साताऱ्याच्या शाळेत त्याला वेगळं, स्वतःच्या गोणपाटावर बसावं लागे. इथे मुंबईत गुरुजींनी गणित सोडवायला फळ्याकडे बोलावलं, तर फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून पोरं ते उचलायला धावली. संस्कृत शिकायचं होतं, ते शिकू दिलं नाही, म्हणून फारशी घ्यावी लागली. पुस्तकांचं वेड मात्र जबर. पोराने पुस्तक मागितलं आणि खिशात पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणून गहाण टाकत आणि पुस्तक आणत.

त्या एका खोलीत वाचायला जागा कुठली? शाळा सुटली की भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. त्याच बागेत संध्याकाळी आणखी एक गृहस्थ वाचायला येत. कृष्णराव अर्जुन केळुसकर. मूळ वेंगुर्ल्याजवळच्या केळुस गावचे, विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक. तुकारामांचं चरित्र लिहिलेले, पुढे शिवाजी महाराजांचं मोठं चरित्र लिहिणारे. शाळेची पोरं बागेत खेळायला येतात, हा एक रोज पुस्तकात डोकं घालून बसलेला असतो, हे त्यांनी पाहिलं. जवळ गेले, विचारपूस केली. कोण, कुठला, काय वाचतोस. मुलाने आपली जात सांगितली. १९०५-०६ च्या मुंबईत त्या उत्तरानंतर बहुतेकांचं संभाषण संपलं असतं. केळुसकरांचं सुरू झालं. ते त्याला पुस्तकं देऊ लागले, काय वाचावं ते सांगू लागले.

मुलगा परीक्षा पास झाला तेव्हा समाजाच्या लोकांनी अभिनंदनाची सभा घेतली. त्या सभेत केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेलं, १८९८ साली प्रसिद्ध झालेलं गौतम बुद्धाचं चरित्र भेट दिलं. (चरित्रकार धनंजय कीर ही सभा १९०७ च्या मॅट्रिकनंतरची सांगतात, तर बाबासाहेबांनी स्वतः तो प्रसंग इंग्रजी चौथी पास झाल्यानंतरचा म्हणून लिहिलाय. पुस्तकाबद्दल दोघांचंही एकमत आहे.) पुढे इंटर झाल्यावर रामजींचे पैसे संपले, तेव्हा हेच केळुसकर खटपट करून त्याला सयाजीराव गायकवाडांच्या भेटीला घेऊन गेले. महिना २५ रुपये शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली बडोद्याच्याच मदतीने न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. पुढचा इतिहास तुम्हाला माहीत आहे.

त्या भेट मिळालेल्या पुस्तकाचं काय झालं? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्याच वर्षी, आयुष्याच्या अखेरीला, 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाची प्रस्तावना लिहिताना आपण बुद्धाकडे कसे वळलो हे सांगायला ते सुरुवात कुठून करतात? केळुसकरांनी दिलेल्या त्या पुस्तकापासून. मधे जवळजवळ ५० वर्षं गेलेली होती.

एका भेटीने सगळं घडलं, असं मी म्हणणार नाही. बाबासाहेबांचं वाचन, त्यांचा अभ्यास, त्यांचे लढे त्यांचे स्वतःचे होते. केळुसकर भेटले नसते तरी तो मुलगा वाचत राहिलाच असता. पण दादा केळुसकरांनी तीन साध्या गोष्टी केल्या. आपल्या ओळखीच्या चौकटीबाहेरच्या एका वाचणाऱ्याला पाहिलं. त्याला विचारलं. आणि उत्तर ऐकून घरी गेले नाहीत, त्याला पुढचं पुस्तक दिलं. फ्रँकलिनच्या बाबतीत गव्हर्नर बर्नेटने यातल्या पहिल्या दोन केल्या होत्या.

आता हे सगळं मला आठवायचं कारण सांगतो.

गेल्या महिन्यात रिलीजसाठी थांबलो होतो. रात्री अडीचच्या सुमारास खाली पाय मोकळे करायला आलो. गेटवर सिक्युरिटीचा मुलगा बसलेला, असेल चोवीस-पंचवीसचा. दोन वर्षं रोज मला सलाम करतोय, मी रोज मान हलवतोय. व्हिजिटर्सच्या रजिस्टरखाली त्याने काहीतरी सरकवलं. पुस्तक होतं.

मी विचारलं, "काय वाचताय?"

तो ताडकन उभा राहिला. "सॉरी सर. आत्ताच राऊंड मारून आलोय मी, शपथ."

अरे देवा! जो प्रश्न आम्ही शुक्रवारी चहासोबत कौतुकाने एकमेकांना विचारायचो, तो याच्या कानाला झडतीसारखा लागला होता. आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. दोन वर्षांत मी त्याला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. त्याच्याजवळच्या खुर्चीवर बसलो, तेव्हा कुठे तो बसला. पोलीस भरतीचं गाईड होतं. परभणीकडचा आहे, दुसऱ्यांदा परीक्षेला बसतोय. मला फ्रँकलिनचा प्रश्न आठवला. म्हटलं, "यात सांगण्यासारखं काय सापडलं?"

तो जरा विचार करून म्हणाला, "खरं सांगू का सर? यात नुसत्या सनावळ्या आहेत. चवदार तळं १९२७, काळाराम मंदिर १९३०. पाठ होतात. पण ते का झालं, ते नाही दिलेलं."

मंडळी, आमच्या शुक्रवारच्या राऊंडमध्ये वर्षभरात कुणी एवढं नेमकं काही बोललं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी घरून कीरांचं बाबासाहेबांचं चरित्र आणून त्याला दिलं. जाडजूड आहे, म्हटलं सावकाश वाचा. त्याने विचारलं, "परत कधी द्यायचं सर?" मी म्हटलं, "काही घाई नाही हो." तर म्हणाला, "तसं नको. तारीख सांगा." मग आम्ही दोघांनी मिळून तारीख ठरवली, पुढच्या महिन्याची १५. त्याने ती पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवली.

परवा १५ तारीख झाली. पुस्तक आलं, एकही डाग नाही. चवदार तळ्याच्या प्रकरणावर आम्ही गेटवर उभ्याउभ्या वीस मिनिटं बोललो, आणि मला दोन ठिकाणी गप्प बसावं लागलं, कारण त्याने ते माझ्यापेक्षा नीट वाचलं होतं. आता त्याला फुल्यांचं काही हवंय. मी शोधतोय.

कपाटातले टिश्यू पेपर हलवायची परवानगीही मागितली आहे. या वेळी पहिली मेंबरशिप गेटवर दिलीय.

असो. बराच लांबला आजचा लेख. तुम्ही सध्या काय वाचताय? आणि त्यात सांगण्याजोगं काय सापडलं? सोमवारी कामाला जाल तेव्हा वाटेत कोणी रजिस्टरखाली, हातगाडीच्या कप्प्यात, लिफ्टमधल्या स्टुलावर पुस्तक लपवताना दिसलं, तर त्यालाही विचारा. फक्त आधी जरा बसा.